गिरणी, द्राक्षमळा आणि तीनशे कुटुंबं: मध्ययुगातल्या राजांनी ऑर्थोडॉक्स मठांना नेमकं काय दिलं?

नदीकाठ

२० मे १३८८ या तारखेची एक सनद आहे. आजच्या रोमानियाच्या दक्षिण भागात तेव्हा वालाखियाचं राज्य होतं आणि मिर्चा नावाचा राजा गादीवर होता. त्याने ओल्ट नदीच्या काठी कोझिया मठ बांधला आणि मठाचा खर्च कायम चालावा म्हणून काय काय दिलं ते या सनदेत नोंदवलं. बाल्कन प्रदेशाचा इतिहास मी बरीच वर्षं वाचतो आहे, पण या एका कागदाइतकं मला दुसऱ्या कशाने खिळवून ठेवलं नाही.

यादी साधी आहे. मठ उभा राहिला ती कालिमानेश्तची जागा, जे पूर्वी नान उदोबा नावाच्या सरदाराचं गाव होतं. काही गावं. द्राक्षमळे, त्यातला एक बुदू नावाच्या सरदाराने मिर्चाच्या वडिलांच्या, म्हणजे राजा रादूच्या, इच्छेनुसार दिलेला. रिम्निकच्या शिवारातली एक पाणचक्की, जी मिर्चाच्या आधीचा राजा दान याने दिली होती. आणि याच यादीत रोमा लोकांची (युरोपात ज्यांना जिप्सी म्हणत) ३०० कुटुंबं.

आज रिम्निकू व्हल्चा हे चांगलं मोठं शहर आहे. त्याचं नाव लेखी इतिहासात पहिल्यांदा येतं ते या सनदेत, आणि तेही त्या चक्कीचा पत्ता सांगण्यासाठी.

गावं दिली हे कुणालाही लगेच समजतं. पण राजा चक्की का देतो? आणि सनद लिहिणारा तिची वेगळी नोंद का करतो? त्या काळी बाल्कनमधल्या डोंगराळ भागात साधी आडव्या चाकाची चक्की असे. चाक ओढ्यात आडवं फिरतं, त्याच्यातून उभा दांडा वर जातो आणि तोच दांडा वरची तळी फिरवतो. मध्ये दातेरी चाकं नाहीत, फारसं लोखंड नाही. पाणी थोडं असलं तरी चालतं, फक्त उतार हवा. लाकडी पन्हळीतून पाणी जोरात चाकाच्या पात्यांवर सोडायचं. एक सुतार आणि तळीला टाकी लावणारा एक पाथरवट गावात असला की चक्की उभी राहते आणि दुरुस्तही होते.

दळणाचा मोबदला धान्यातच घेत. सर्बियात त्याला ‘उयाम’ म्हणतात, रोमानियात ‘उयुम’. शेतकरी गोणी घेऊन येतो, चक्कीवाला त्यातून ठरलेला वाटा काढून घेतो. शेताचं उत्पन्न हंगामात एकदा येतं आणि गारपिटीत जातं. चक्कीचं उत्पन्न मात्र ओढा वाहतो तोवर येतच राहतं. आणि चक्की ज्याच्या ताब्यात, त्याच्या दारावरून पंचक्रोशीतलं जवळजवळ सगळं धान्य जातं. पाण्याचा हक्क, बांध घालायचा हक्क, पन्हळीसाठी दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, हे सगळं चक्कीबरोबर येतं. म्हणून मठाला एखादी चक्की मिळणं हे एखादं शेत मिळण्यापेक्षा मोठं दान होतं असं माझं ठाम मत झालं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. राजा जमिनीचा तुकडा देत होता असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा जमीन कसणारा शेतकरी तिथेच राहत होता, तेच नांगरत होता. बदलत होतं ते एवढंच, की कालपर्यंत तो जे राजाला देत होता ते आजपासून मठाला द्यायचं. बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पूर्व रोमन, सम्राटांच्या सोन्याची मुद्रा लावलेल्या सनदांना ख्रिसोबुल म्हणत, आणि सर्बियाच्या राजांनी तीच पद्धत उचलली. त्या सनदांचा खरा गाभा म्हणजे सूट: अमुक कर माफ, तमुक वेठ माफ, राजाच्या अधिकाऱ्याने इथे पाऊल टाकायचं नाही, घोड्यांना चारा मागायचा नाही, मुक्काम करायचा नाही. राजा आपला हक्क सोडून देत होता. तिजोरीतून एकही नाणं बाहेर न काढता इतकं मोठं दान करता येत होतं ते त्यामुळेच.

या विषयावर मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे, म्हणून हा धागा. कुणी या भागात फिरलं असेल, कुणाचा सनदांचा अभ्यास असेल, तर जरूर लिहा.

मोडीवाचक

फार सुंदर विषय. अधिकाऱ्याने पाऊल टाकायचं नाही हे वाचलं आणि आपले राष्ट्रकूट, शिलाहारांचे ताम्रपट आठवले. त्यात ‘अचाटभटप्रवेश्य’ असं ठरलेलं विशेषण येतं: दान दिलेल्या गावात राजाच्या शिपायांनी, चाकरांनी शिरायचं नाही. दोन प्रदेशांचा एकमेकांशी काहीही संबंध नसताना राजसत्तेला दान टिकवायचं तर तीच तरतूद करावी लागते, कारण दान बुडवतो तो बहुधा राजाचाच माणूस.

मला एक विचारायचं आहे. आपल्याकडे दान मोडणाऱ्याला शाप असतो. ताम्रपटात ‘स्वदत्तां परदत्तां वा’ हा श्लोक, की जमीन हिरावणारा साठ हजार वर्षं विष्ठेत किडा होऊन राहतो. आणि शिलाहारांच्या शिलालेखांवर तर गधेगळ, कोकणात आणि गोव्यातही असे दगड उभे आहेत. तिकडच्या सनदांत असं काही असतं का?

नदीकाठ

असतं, आणि फार कडक असतं. सर्बियन आणि वालाखियन सनदांच्या शेवटी शापाचा वेगळा भाग येतो. जो हे दान मोडेल त्याच्यावर देवाचा, देवमातेचा आणि नायसियाच्या ३१८ धर्मपित्यांचा शाप असो (३२५ साली नायसियात जी धर्मसभा भरली तिला जमलेल्या धर्मगुरूंची ही परंपरेने मानलेली संख्या), आणि परलोकात त्याची जागा येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या शेजारी असो. नव्या राजाला दान मोडण्यापासून अडवेल असं कोर्ट नव्हतं, नोंदणी कचेरी नव्हती. पुढच्या राजाला रोखायचं तर त्याच्या मनातल्या भीतीलाच हात घालावा लागे. शिवाय पुढचा राजा गादीवर आला की मठाचे भिक्षू जुनी सनद घेऊन त्याच्यासमोर उभे राहत आणि नव्याने मान्यता घेत. कोझियाच्या यादीत चक्की दान नावाच्या राजाने दिलेली आणि द्राक्षमळा रादूच्या इच्छेचा असं स्पष्ट लिहिलंय ते त्यासाठीच. तुझ्याच घराण्याने हे दिलंय, हे नव्या राजाला आणि त्याच्या पुढच्याला दिसलं पाहिजे.

उंबरठा

धागा वाचताना मी ‘३०० कुटुंबं’ या शब्दांवर थांबले आणि पुढे जाऊ शकले नाही. चक्की, द्राक्षमळा, आणि माणसं, एकाच यादीत? ही माणसं म्हणजे कुळं होती की गुलाम?

नदीकाठ

गुलाम. आणि यावर मी मूळ लेखात एका वाक्यापेक्षा जास्त लिहायला हवं होतं असं तुमच्या प्रश्नाने जाणवलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

वालाखियात रोमा लोकांचा पहिला लेखी उल्लेखच मठाच्या दानपत्रात आहे. १३८५ साली राजा दान पहिला याने तिस्माना मठाला जी सनद दिली तिच्यात रोमा लोकांची ४० कुटुंबं आहेत. ती आधी व्लादिस्लाव राजाने वोदित्सा मठाला दिलेली होती. तीनच वर्षांनी कोझियाला ३००. गावातला शेतकरी जमिनीला बांधलेला असला तरी त्याला थोडेफार हक्क होते. हे लोक मात्र मठाच्या मालकीचे. मठ त्यांना दुसऱ्याला देऊ शकत होता, कुटुंबं वेगळी करू शकत होता. त्यांतले लोहार, तांबट, सुतार, चमच्यापासून नालापर्यंत सगळं करणारे कारागीर. चक्कीचं लोखंडी काम कुणी केलं असेल असा विचार केला की मला ते चाक वेगळंच दिसू लागतं.

आणि हे एका शतकात संपलं नाही. मठांच्या मालकीच्या रोमा लोकांना शेजारच्या मोल्दाविया राज्यात १८४४ मध्ये आणि वालाखियात १८४७ मध्ये मोकळं केलं. खाजगी मालकीचे मोकळे झाले ते मोल्दावियात १८५५ आणि वालाखियात १८५६ मध्ये. कोझियाच्या सनदेपासून मोजा, साडेचारशे वर्षांहून जास्त.

उंबरठा

रोमा लोकांचे पूर्वज भारतातून गेले, त्यांची भाषा आपल्याच भाषाकुळातली. म्हणजे ही आपल्याकडून निघालेली माणसं. ओल्टच्या काठी एका राजाने देवाला अर्पण केलेल्या वस्तूंच्या यादीत त्यांची गणती झाली. हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही आणि आज वाचून खूप अस्वस्थ झाले. रोमानियात याची काही आठवण ठेवतात का?

नदीकाठ

२० फेब्रुवारी हा दिवस गुलामगिरीतून मुक्तीचा स्मरणदिन म्हणून पाळतात. १८५६ चा वालाखियाचा कायदा त्या तारखेचा.

कोरडवाहू

माझा प्रश्न हिशेबाचा. राजा असा प्रत्येक मठाला गाव, चक्की, करमाफी देत सुटला तर राज्याकडे काय उरणार? सैन्य कशावर पोसायचं? एकाही राजाला हे दिसलं नाही?

नदीकाठ

दिसलं होतं, आणि फार लवकर. बायझंटाइन सम्राट निकेफोरस फोकास हा स्वतः कसलेला सेनापती. ९६४ साली त्याने कायदाच केला: नवे मठ काढून त्यांना जमिनी देऊ नका. भिक्षूंकडे जमिनी आणि गुरं बेसुमार झाली आहेत, पण कसायला माणसं नाहीत. ज्याला पुण्य करायचं आहे त्याने मोडकळीला आलेल्या जुन्या मठांना मदत करावी, त्यांना बैल, मेंढरं, कामकरी मिळवून द्यावेत, असं त्याचं म्हणणं. निर्जन जागी राहणाऱ्या तपस्वी भिक्षूंना मात्र त्याने मोकळीक ठेवली.

आणि हाच निकेफोरस ९६३ पासून ग्रीसमधल्या आथोस या मठांच्या पर्वतावर आपल्या मित्राला, अथानासिओसला, थोर लाव्रा मठ बांधायला पैसा पुरवत होता! लोक याला दुटप्पीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्याने लाव्राला वर्षाला २४४ सोन्याची नाणी रोख लावून दिली. तिजोरीतून पैसे जावोत, पण कर देणारा शेतकरी आणि शिपाई पुरवणारी जमीन राज्याच्या हातून जाऊ नये, हा त्याचा विचार मला सुसंगत दिसतो. बाराव्या शतकात मान्युएल पहिला यानेही हेच केलं. बॉस्फरसजवळ मठ काढला, पण त्याला जमीन दिली नाही, खर्च तिजोरीतून बांधून दिला.

हे दोघे एकटे पडले. निकेफोरसचा कायदा ९८८ मध्ये रद्द झाला आणि लाव्राकडेही पुढे भरपूर जमीन जमली. शेवटी राज्याची कंबर मोडली तेव्हा उलटा फेरा आला. १३७१ मध्ये मारित्सा नदीवर तुर्कांनी सर्बियन सैन्य बुडवलं, आणि मान्युएल दुसरा याने मठांच्या निम्म्या जमिनी काढून सैनिकांना दिल्या. ३१८ धर्मपित्यांचा शाप तेव्हा आडवा आला नाही.

समई

मला इथे थोडं वेगळं म्हणायचं आहे. वरची चर्चा वाचून असं वाटेल की मठ म्हणजे फक्त जमीनदार. कॉन्स्टँटिनोपलचा पँटोक्रेटर मठ बघा. सम्राट जॉन दुसरा कोम्निनोस याने ११३६ मध्ये त्याची नियमावली लिहून दिली. त्या मठाला ५० खाटांचं रुग्णालय होतं. जखमा, डोळे आणि पोट, स्त्रिया असे विभाग. स्त्रियांच्या विभागात १२ खाटा आणि एक स्त्री वैद्य. वैद्यांचे पगार, रोग्यांच्या भाकरीचं वजन, पांघरुणं, हिवाळ्यातलं सरपण, सगळं लिहून ठेवलेलं. आणि त्याच नियमावलीच्या शेवटी कुठली गावं, कुठल्या इस्टेटी यासाठी दिल्या त्याची यादी.

म्हणजे त्या गावांचं धान्य दळून येत होतं म्हणून राजधानीतला गरीब रोगी खाटेवर झोपत होता. गाव देणारा राजा परलोकाची चिंता करत होता हे खरं. पण त्याला दुसरं कुठलं कायमचं साधन उपलब्ध होतं? बँक नाही, विश्वस्त निधी नाही. रोख रक्कम दिली तर पुढचा खजिनदार थांबवणार. वर्षानुवर्षं आपोआप येत राहील असं उत्पन्न म्हणजे शेत, चक्की, मिठागर, मासेमारी. मला त्यात फक्त लोभ दिसत नाही.

नदीकाठ

समई, तुमचं म्हणणं मला पटतं आणि ते धाग्यावर आलं याचा आनंद आहे. श्रद्धा खरी होती. त्याचं माझ्या मनातलं उदाहरण म्हणजे सर्बियाचा स्तेफान नेमान्या. ११९६ मध्ये त्याने गादी सोडली, सिमेऑन नावाने भिक्षू झाला आणि आथोसला गेला, कारण धाकटा मुलगा सावा आधीच तिथे पळून जाऊन भिक्षू झाला होता. बाप-लेकांनी मिळून हिलांदार हा पडका मठ ११९८ मध्ये पुन्हा उभा केला. त्या मठाला म्हाताऱ्याने जी सनद दिली ती वाचताना राजाचा तोरा कुठे जाणवत नाही. प्रिझ्रेनच्या परिसरातली गावं दिली, द्राक्षमळे लावून दिले, चार ठिकाणी मधमाश्यांच्या वाड्या आणि प्रत्येक वाडीला दोन माणसं, बोगाचा नावाचा डोंगर चराईसाठी, १७० व्लाख (बाल्कनमधला एक मेंढपाळ समाज) मेंढपाळ, झेता प्रांताकडच्या घोड्या, आणि ३० मापं मीठ. गुरंढोरं दिली तिथे तर ‘जमेल तेवढी’ असं तो लिहितो. पुढच्याच वर्षी तो वारला.

पण त्याच यादीत १७० मेंढपाळ आहेत. उंबरठा यांचा प्रश्न इथेही येऊन उभा राहतो. मला दोन्ही एकदमच बघावं लागतं.

कोरडवाहू

हे मेंढपाळ आणि शेतकरी यांच्यात फरक काय होता? आणि त्यांना दाद मागायला कुठे जागा होती का?

नदीकाठ

फरक मोठा होता. शेतकऱ्याला ‘मेरोफ’ म्हणत. सर्बियाच्या झार दुशानच्या १३४९ च्या कायद्यात कलम ६८ मध्ये त्याची कामं ठरवून दिली आहेत: आठवड्यात दोन दिवस जमीनमालकाकडे काम, वर्षाला एक पेर्पेर (तेव्हाचं चलन) इतका झारचा कर, एक दिवस गवत कापणं, एक दिवस द्राक्षमळ्यात. व्लाख मेंढपाळांचं ओझं त्या मानाने हलकं: मेंढ्या सांभाळायच्या, लोकर, चीज द्यायचं, घोड्यांवरून माल वाहायचा. साहजिकच शेतकऱ्याला मेंढपाळांत जावंसं वाटे. म्हणून राजा मिलुतिनच्या बान्यस्का मठाच्या सनदेत सरळ नियम आहे की सर्बाने व्लाखांत लग्न करायचं नाही. तिथे सर्ब म्हणजे जमीन कसणारा. कारण वंशाचं नसून नांगर धरणारा हात कमी होऊ नये हे होतं.

दाद मागायची सोय कागदावर तरी होती. त्याच कायद्याच्या कलम १३९ मध्ये लिहिलंय की कायद्यात लिहिलं आहे त्याहून जास्त कुणी मेरोफकडून घेतलं तर त्याने आपल्या धन्यावर खटला भरावा, धनी झार असो, झारीण असो, चर्च असो वा सरदार. चर्चचं नाव त्या यादीत मुद्दाम घातलंय. म्हणजे तक्रारी येत असणार.

प्रवासी पक्षी

आम्ही काही मित्र कोसोवोत फिरायला गेलो होतो, तेव्हा वेलिका होचा या छोट्या गावात थांबलो. नेमान्याने हिलांदारला दिलेल्या गावांत दोन होचा आहेत, त्यातलंच हे. अजूनही गावाभोवती द्राक्षाच्या वेली, आणि देचानी मठाचं मद्याचं जुनं कोठार तिथेच. आठशे वर्षांपूर्वीच्या सनदेत लिहिलेलं पीक त्याच मातीत उभं बघून अंगावर काटा आला. देचानीलाही गेलो. बाहेर आंतरराष्ट्रीय सैनिकांची चौकी, आत १३३० च्या सुमाराचं संगमरवरी चर्च. ते बांधणारा मुख्य कारागीर कोटोर शहरातला फ्रान्सिस्कन साधू होता, म्हणजे कॅथलिक, हे तिथेच कळलं.

नदीकाठ

हो, फ्रा विता. आणि त्या मठाला स्तेफान देचान्स्की राजाने १३३० मध्ये दिलेली सनद माझ्या दृष्टीने या सगळ्या सनदांत श्रेष्ठ. तिच्यात मठाच्या गावांतल्या कुटुंबप्रमुखांची नावं आहेत, बाप, मुलगा, भाऊ अशी नाती लावून, गावागणिक. हजारो साध्या माणसांची नावं. त्या शतकातल्या शेतकऱ्याचं नाव आपल्याला एरवी कुठे मिळतं? भाषेचे, लोकवस्तीचे अभ्यासक आजही तिच्यावर काम करतात.

बान्यस्काच्या सनदेची गोष्टही सांगायला हवी. त्या मठाकडे ७५ गावं आणि व्लाखांच्या ८ वस्त्या होत्या. मठ पुढे उद्ध्वस्त झाला आणि सनद गेली असंच सगळे धरून चालले होते. १८८९ मध्ये ती इस्तंबूलच्या टॉपकापी राजवाड्यात सुलतानांच्या पुस्तकसंग्रहात मिळाली. दुशानने प्रिझ्रेनजवळ बांधलेल्या पवित्र देवदूतांच्या मठाचे दगड मात्र १६१५ च्या सिनान पाशा मशिदीत गेले.

मोडीवाचक

मग तुर्की राजवटीत या दानांचं काय झालं? सगळंच गेलं असेल ना?

नदीकाठ

पुष्कळ गेलं, सगळं नाही. आथोसच्या मठांनी लवकर शरणागती पत्करली आणि जमिनी राखल्या. मोठा धक्का बसला १५६८ मध्ये. सुलतान सेलीम दुसरा याच्या काळात मठांच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि मठांना त्या पैसे मोजून परत घ्याव्या लागल्या. त्यासाठी त्यांनी कर्ज काढलं, सोन्यारुप्याची भांडी विकली. यातून वाट काढली ती शेख-उल-इस्लाम, म्हणजे साम्राज्याचा मुख्य मुफ्ती, एबुस्सूद याने. चर्चच्या नावाने वक्फ इस्लामी कायद्यात बसत नव्हता. त्याने भिक्षूंना एका कुटुंबासारखं धरलं आणि कौटुंबिक वक्फाच्या नियमात ती मालमत्ता बसवली. ब्रह्मचाऱ्यांचं कुटुंब! कायद्याचं डोकं काय चालतं बघा.

वालाखिया आणि मोल्दाविया सुलतानाला खंडणी देऊन आपापले राजे राखून होते, त्यामुळे तिकडे दानं चालूच राहिली. तिथले अनेक मठ आथोसला, जेरुसलेमला, सिनाईला जोडलेले आणि त्यांचं उत्पन्न परदेशी जाई. १८६३ मध्ये, ही दोन राज्यं एक झाल्यावर, त्यांचा राजा कूझा याने सगळ्या मठांच्या जमिनी सरकारजमा केल्या तेव्हा देशातली सुमारे पाव भाग जमीन मठांकडे होती. पुढच्याच वर्षी त्याने शेतकऱ्यांना जमीनवाटप सुरू केलं. १३८८ ची पाणचक्की आणि १८६४ चा शेतकरी यांच्यात सरळ धागा आहे.

कोरडवाहू

म्हणजे आज कुठल्याच मठाकडे त्या सनदांतली जमीन नाही?

नदीकाठ

आथोसच्या मठांकडे आहे, आणि जुन्या सनदा त्यांच्या तिजोऱ्यांत जपून आहेत. देचानीचं बघा. अलीकडे वाद होता तो मठालगतच्या २४ हेक्टरचा. त्यावर खटला वर्षानुवर्षं चालला आणि २०१६ मध्ये कोसोवोच्या घटनात्मक न्यायालयाने निकाल मठाच्या बाजूने दिला. अंमलबजावणी मात्र रखडली, स्थानिक लोकांचा विरोध होता, परदेशी राजदूत मध्ये पडले. मार्च २०२४ मध्ये ती जमीन सरकारी नोंदवहीत मठाच्या नावावर चढली.